टॉवरला सुतक नसतं

अलमेलू आश्विनात गेली. वैशाखात भवानीसाठी अंबत्तूरचं स्थळ आलं.

घरात कोणी गेलं असेल तर मुलीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाही तर तीन वर्षं थांबायचं, असं आमच्या तंजावरकडच्या मराठी माणसांत मानतात. भवानीला सव्विसावं लागलं होतं. थांबायला मी तयार होतो, तीही तयार होती. माझा धाकटा भाऊ शेषगिरी मात्र तयार नव्हता. तो म्हणाला, आषाढ गेला की इथे श्रावणात मुहूर्त असतात, तेवढ्यात उरकून टाकू. भवानी काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे तिला स्थळ अगदीच नकोसं नव्हतं, एवढं मला कळत होतं.

अडचण निराळीच होती. मुलगी बघायला माणसं आली की त्यांना शिरा आणि भजी द्यायची ही इथली रीत. त्याशिवाय बघणं झालं असं कोणी धरतच नाही. आणि वर्ष होईपर्यंत घरात पाहुण्यांसाठी गोडाधोडाचं, तळणीचं करायचं नाही, ही पण रीतच. शेषगिरीनं देऊळ सुचवलं. पण अलमेलू गेल्यापासून मी देवळात गेलो नव्हतो आणि त्या दिवशी पहिल्यांदा जावं असं काही वाटेना. मग तोच थोडा वेळ विचार करून म्हणाला, "अण्णा, टॉवरवर जाऊ. टॉवरला सुतक नसतं."

मी आवडी या गावी सरकारी फॅक्टरीत कारकून. रोज विल्लिवाक्कमला जाऊन गाडी पकडतो. आमचं घर अण्णा नगरात आहे, टॉवरच्या बागेपासून दोन रस्ते सोडून. हा टॉवर इथल्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनाच्या वेळी बांधला, तेव्हापासून तंजावर-कुंभकोणचा कोणीही पाहुणा आमच्याकडे आला की त्याला दोन गोष्टी दाखवायच्या, समुद्र आणि टॉवर. समुद्राला बस लागते. टॉवर चालत जाण्यासारखा, म्हणून टॉवर जास्त वेळा व्हायचा. मी किती वेळा वर गेलो असेन ते सांगता येणार नाही. कोणत्या दिशेला काय दिसतं ते मला पाठ झालं होतं.

अलमेलू एकदाही वर आली नाही. ती बरोबर यायची, पण खाली झाडाखालच्या बाकावर बसायची. सगळ्यांच्या पिशव्या, पाण्याची बाटली, लहान मुलांच्या चपला तिच्याकडे. तुम्ही जाऊन या, म्हणायची, मी काय, इथलीच आहे, मला कधीही जाता येईल. वरून मी पाहुण्यांना ती दाखवायचो. पाहुणे हात हलवायचे. तिचं लक्ष नसायचं, कारण शेजारी जी कोणी बाई बसलेली असेल तिच्याशी तिची तोपर्यंत ओळख झालेली असायची. तिला वर यायला काही त्रास नव्हता, दम लागत नव्हता, काही नाही. राहून गेलं, एवढंच.

तर त्या रविवारी आम्ही बागेच्या फाटकाशी उभे होतो. मी, भवानी, शेषगिरी आणि त्याची बायको. इथे ज्याला कत्तिरी म्हणतात ते कडक ऊन नुकतंच संपलं होतं, पण दुपार कलली तरी जमीन तापलेलीच होती. अंबत्तूरहून मुलगा आणि त्याची आई आली. मुलाचं नाव जयतीर्थ. तिथल्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना आहे, त्यात तो सुपरवायझर. सडपातळ, चष्मा लावणारा. घामानं चष्मा नाकावरून घसरायचा आणि तो बोटानं वर ढकलायचा. भवानीकडे त्यानं एकदा बघितलं आणि मग बराच वेळ टॉवरकडे बघत राहिला.

त्याची आई विजयलक्ष्मीबाई. माहेर कुंभकोणचं. नवरा गेला तेव्हा दोन्ही मुलगे शाळेत होते. नवऱ्याच्या जागी त्यांना टपाल कचेरीत नोकरी मिळाली आणि खिडकीवर बसून त्यांनी दोघांना वाढवलं. साधं सुती लुगडं, कपाळावर काही नाही, हातात घड्याळ. टपालाच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाची एक सवय असते, समोरच्याचं बोलणं पुरतं व्हायच्या आत उत्तर द्यायची. ती त्यांना होती.

शेषगिरीच्या बायकोचे पाय सुजतात. ती आल्या आल्याच बाकावर बसली आणि सगळ्यांनी आपापल्या पिशव्या तिच्याकडे दिल्या. मग सगळेच विजयलक्ष्मीबाईंना म्हणायला लागले की तुम्हीही बसा, वर चढणं बरंच आहे, गुडघे दुखतील. त्यांच्या मुलानंही तेच म्हटलं.

"दोन बस बदलून आले ती हिंगे बसायला?" त्या म्हणाल्या. हिंगे म्हणजे इथे, हे कुंभकोणचं बोलणं. "बाकं अंबत्तूरला पण आहेत."

आणि त्या चालायला लागल्या.

टॉवरला बाहेरून गोल गोल वर जाणारी उताराची वाट आहे. पायऱ्या नाहीत, म्हणून म्हातारी माणसंही थांबत थांबत चढतात. भवानी आणि जयतीर्थ पुढे गेले. ते बोलत होते की नुसतेच चालत होते ते दिसत नव्हतं, कारण वळणामुळे ते सारखे दिसेनासे व्हायचे. मागे आम्ही तिघं. शेषगिरी बोलत होता. त्याला गप्प राहणं जमत नाही, लहानपणापासून नाही. हॉल कोणता, स्वयंपाकी कोण, कोणाला बोलवायचं, सगळं त्यानं ठरवलेलं होतं. चढता चढता त्यानं बाईंना सांगितलं की कन्यादानाला तो आणि त्याची बायको बसणार. अण्णाला बसता येत नाही ना, जोडपं लागतं.

बाई म्हणाल्या, ठाऊक आहे.

"मला दोन्ही मुलगेच, मामी," शेषगिरी म्हणाला. इथे परक्या बाईलाही मामीच म्हणतात. "कन्यादान माझ्या नशिबात नाही असं धरूनच चाललो होतो मी. बघा, तेही पदरात पडलं."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की ते कशामुळे पदरात पडलं. तो थांबला, धोतराचा सोगा उगीच सावरला आणि माझ्याकडे न बघता पुढे चालायला लागला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. अलमेलूच्या आजारपणात रात्रीची पाळी तोच करायचा. तिला इडली भरवण्यापासून सगळं त्यानं केलं होतं. आणि मुलगी नाही याचं त्याला खरंच दुःख होतं, भवानीला त्यानं खांद्यावर घेऊन वाढवलं होतं.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नव्हती. चैत्रात, स्थळ यायच्याही आधी, मी एकटाच आमच्या वाद्यारांकडे जाऊन आलो होतो. वाद्यार म्हणजे भटजी, आमच्या घरचं सगळं तेच बघतात. मी त्यांना विचारलं होतं की मुलीचं लग्न ठरलं तर मला कन्यादान करता येईल का. त्यांनी मला बसायला सांगितलं, ताक दिलं आणि मग म्हणाले, पत्नी शेजारी नसेल तर देण्याचा अधिकार पुरा होत नाही, धाकटा भाऊ आणि त्याची बायको आहेत ना, ते बसतील, तेच चांगलं. मी बरं म्हटलं. ताक पिऊन घरी आलो. त्यानंतर शेषगिरी जेव्हा जेव्हा हा विषय काढायचा तेव्हा मी मान हलवायचो.

वर पोचलो तेव्हा वारा होता. वर नेहमीच वारा असतो, समुद्रावरून येतो. भवानी आणि जयतीर्थ पलीकडच्या बाजूला कठड्याशी उभे होते. शेषगिरी दम घ्यायला भिंतीला टेकून बसला. विजयलक्ष्मीबाई सरळ कठड्यापाशी गेल्या आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही, म्हणून पाहुण्यांना दाखवतो तसं दाखवायला लागलो. ही पूर्व, ती निळी रेघ दिसते तो समुद्र. तिथे उंच दिसते ती माउंट रोडची आयुर्विम्याची इमारत. इकडे दक्षिण, ती टेकडी परंगीमलै, तिच्या बाजूला विमानं उतरतात. आता दिसत नाही, पण थोडं थांबलात तर एखादं दिसेल. खाली ही सगळी अण्णा नगरची गच्चीची घरं, बहुतेक गच्च्यांवर कपडे वाळत घातलेले.

खाली म्हणताना सवयीनं माझी नजर बाकाकडे गेली. बाकावर शेषगिरीची बायको होती. पिवळं लुगडं. मी लगेच दुसरीकडे बघितलं.

"अंबत्तूर कुठे?" बाईंनी विचारलं.

मी त्यांना पश्चिमेकडे नेलं. ती कारखान्यांची धुराडी, ती रेल्वेची लाइन, तिच्या पलीकडे पाण्याची टाकी, तिथून पुढे आवडी. माझी रोजची वाट. त्या बराच वेळ डोळ्यांवर हात धरून बघत राहिल्या.

"ती टाकी आमच्याच रस्त्यावरची," त्या म्हणाल्या. "काल तिच्याखाली पाण्यावरून मी एका बाईशी तासभर भांडले. एवढीशी आहे?"

मला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी असं आपोआप आलं.

मग त्या कठड्याला टेकून, टाकीकडेच बघत बोलायला लागल्या. थोरल्या मुलाच्या लग्नाचं सांगत होत्या. त्यांचे दीर आणि जाऊ विधींना बसले. त्या हॉलमध्ये मागे, खांबापाशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. मागे बस असं कोणी सांगितलं नव्हतं, त्या म्हणाल्या, आणि पुढे ये असंही कोणी सांगितलं नव्हतं. पुढे उंच माणसं उभी होती. मुलानं माळ घातली ती त्यांना दिसली नाही. वाजंत्री जोरात वाजायला लागली त्यावरून कळलं की घातली. आता जयतीर्थाच्या वेळी थोरला मुलगा आणि सून बसतील. हे सगळं त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. टपालाचा दर सांगावा तसं सांगितलं.

मी म्हटलं, माझंही तसंच होणार.

"तुमचं तसंच कसं होईल?" त्या लगेच म्हणाल्या. "तुम्हाला पुढे खुर्ची मिळेल. पंख्याखाली. आल्यागेल्यांना तुम्ही नमस्कार करणार. बाईमाणसाला खांब, राव."

खरं होतं ते.

एवढ्यात भवानी आणि जयतीर्थ आमच्याकडे आले. शेषगिरीही उठून आला. भवानीचं तोंड लाल झालं होतं, पण ते लाजल्यामुळे नव्हतं. अलमेलूला काही सांगायचं असेल आणि ते दुसऱ्याला आवडणार नाही हे ठाऊक असेल, तर तिचं असंच व्हायचं.

"अप्पा," ती म्हणाली, "मी यांना सांगितलंय. कन्यादान तुम्ही करणार असाल तर माझं हो आहे. नाही तर मला थांबायचं आहे."

"मला चालेल," जयतीर्थ म्हणाला आणि त्यानं चष्मा वर ढकलला.

"तुला चालून काय होणार?" शेषगिरी म्हणाला. "वाद्यारांनी चालवून घ्यायला पाहिजे."

मग तो भवानीकडे वळला. तिला समजावून सांगायला लागला की हे कोणाच्या आवडीनिवडीचं नाही, शास्त्राचं आहे, अप्पा समोर बसलेलेच असतील, हात काकाचा असला म्हणून काय झालं. भवानी ऐकून घेत होती. तिचं लक्ष माझ्याकडे होतं. मी काय म्हणतो ते तिला ऐकायचं होतं.

मी म्हटलं की वाद्यारांना विचारून झालं आहे. नाही म्हणाले.

शेषगिरी बोलता बोलता थांबला. "तू विचारलंस? कधी?"

चैत्रात, मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग कठड्याकडे वळला आणि समुद्राच्या दिशेला तोंड करून उभा राहिला. त्याची पाठ आमच्याकडे होती. "मला सांगायचं तरी," तो म्हणाला. "मी जरीचं धोतर आणून ठेवलं. मला वाटलं तुझ्या मनात नाही. मला वाटलं मी तुझ्यावरचं ओझं उचलतोय."

त्याचं ते बोलणं ऐकून मला वाटलं, हे सगळं इथेच थांबवावं. पोरीचं लग्न होऊ दे, नाही तर राहू दे, पण हा माणूस असा पाठ करून उभा राहायला नको होता. मी भवानीला म्हणणार होतो की हट्ट करू नको. तोंड उघडलंसुद्धा. पण विजयलक्ष्मीबाई आधी बोलल्या.

"माझ्या आईला मी पाहिलेलं आठवत नाही," त्या म्हणाल्या. "कन्यादान माझ्या वडिलांनीच केलं. कमरेला सुपारी लावून."

शेषगिरीनं मान वळवली.

त्यांनी सांगितलं की कुंभकोणला त्यांचे एक फार म्हातारे भटजी होते, महाराष्ट्रातून पिढ्यांपूर्वी आलेल्या घराण्यातले. ते म्हणाले, पत्नी नसेल तर तिच्या जागी सुपारी कमरेला खोचायची आणि संकल्प करायचा, आपल्यात जुनी रीत आहे ही. आताच्या वाद्यारांना ठाऊक नसेल, किंवा ठाऊक असून बोलत नसतील.

"हे शास्त्रात आहे?" शेषगिरीनं विचारलं.

"शास्त्रात काय आहे ते मला ठाऊक नाही. माझं लग्न झालं, एवढं ठाऊक आहे."

मला राग आला. इतका राग मला अलमेलू गेली तेव्हाही आला नव्हता. तेव्हा काही येतच नव्हतं, राग नाही, रडू नाही. मी त्यांना म्हटलं, "सुपारी? माझ्याबरोबर एवढी वर्षं संसार केला तिनं. माझ्या आईचं केलं, ह्या पोरीला वाढवलं. आणि तिच्या जागी मी सुपारी खोचू?"

माझा आवाज चढला असावा. पलीकडे एक कुटुंब शेंगा खात उभं होतं, ते आमच्याकडे बघायला लागलं.

विजयलक्ष्मीबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माझे वडीलही असेच ओरडले होते. आमच्या घराला लाकडी वाटोळे खांब होते, त्यांतल्या एकावर मूठ मारली त्यांनी. मग बसले. पण सगळा वेळ डावा हात कमरेवर. सुपारी पडेल अशी भीती. भटजी म्हणत होते, दोन्ही हातांनी मुलीचा हात धरा. त्यांनी काही कमरेवरचा हात काढला नाही. शेवटी एका हातानं दिली मला. लोक हसले. मी पण हसले. मग मला इतकं रडू आलं की समोर बसलेल्या माझ्या सासऱ्यांना वाटलं, मुलीला लग्न मान्य नाही."

"मग?" जयतीर्थनं विचारलं. त्यालाही ही गोष्ट नवी असावी.

"मग काय? तू आहेस की समोर."

भवानी हसली. जयतीर्थही हसला. मी हसलो नाही, पण मला तो माणूस दिसत होता, भरल्या मांडवात कंबर धरून बसलेला. मी त्यांना विचारलं, नंतर त्या सुपारीचं काय केलं वडिलांनी. त्या म्हणाल्या, तेच मी पण विचारलं होतं, पण त्यांनी सांगितलं नाही. मरेपर्यंत सांगितलं नाही.

वाऱ्यानं भवानीचा पदर उडत होता, तिनं तो कमरेला खोचला.

"अम्मा असती तर म्हणाली असती, कच्ची नको, भाजकी घ्या," ती म्हणाली.

हे मात्र अगदी खरं होतं. जेवण झालं की अलमेलूला पान आणि भाजकी सुपारी लागायचीच. आयती कातरलेली तिला आवडायची नाही, स्वतः अडकित्त्यानं कातरायची आणि मी वर्तमानपत्र वाचत असलो तर मुद्दाम माझ्या कानाशी कातरायची. मी दातांबद्दल बोलायचो. ती म्हणायची, दात माझे आहेत. तो कर्र असा आवाज मला ऐकू आला आणि माझे डोळे भरले. आश्विनापासून पहिल्यांदा. चार माणसांत, कठड्याशी, शेंगा खाणाऱ्या लोकांसमोर. मी रुमाल काढला. कोणी मला गप्प करायला आलं नाही हे बरं झालं. वारा आहे, डोळ्यांत धूळ जाते, असं शेषगिरी त्या शेंगावाल्यांकडे बघून मोठ्यानं म्हणाला.

डोळे पुसून झाल्यावर मी सांगितलं की मी बसेन. वाद्यारांना मी समजावेन, नाही ऐकलं तर कुंभकोणहून कोणाला तरी आणू. पण माझी एक अट आहे.

"तुमची कसली अट?" विजयलक्ष्मीबाईंनी विचारलं. "अट मुलाकडचे घालतात."

"तुम्ही खांबापाशी बसायचं नाही. मुलगा माळ घालेल तेव्हा पुढे उभं राहायचं. तुम्ही मागे बसणार असाल तर मीही बसत नाही."

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांच्यासारख्या बाईला उत्तर द्यायला वेळ लागला म्हणजे पुष्कळच. त्या परत पश्चिमेकडे वळल्या आणि टाकी आहे की नाही ते बघत असल्यासारख्या उभ्या राहिल्या. जयतीर्थ त्यांच्याजवळ गेला. नुसता शेजारी उभा राहिला.

"लोक बोलतील," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सून काही म्हणणार नाही. सून चांगली आहे. जाऊ बोलेल." आणि मग बऱ्याच वेळानं, "उभी राहीन. पण केसात फूल माळ म्हणून कोणी मागे लागायचं नाही. तेवढं नको."

"नाही लागणार," मी म्हटलं.

आता शेषगिरी राहिला होता. तो परत कठड्याला टेकून उभा होता. भवानी त्याच्याकडे गेली, त्याच्या दंडाला तिनं हात लावला. चित्तप्पा, ती म्हणाली. इथे काकाला असंच म्हणतात, लहानपणापासून ती तसंच म्हणते. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मी त्याच्याजवळ गेलो. मुलीचा हात वडिलांनी नवऱ्या मुलाच्या हातात द्यायचा आणि त्यावर पाण्याची धार आईनं धरायची, अशी आमच्याकडे पद्धत आहे. सुपारी कमरेला राहील, पण तिला काही पाणी ओतता येणार नाही. हे मी त्याला सांगितलं. म्हटलं, पाण्याचा कलश तुझ्या हातात असू दे. धार तू धर.

"म्हणजे मी कोण?" तो म्हणाला. "मी वैनी?"

"हो," मी म्हटलं.

"जरीचं धोतर नेसून?"

"तेच नेस."

तो हसेल असं मला वाटलं होतं, पण तो हसला नाही. अलमेलूला तो नेहमी वैनी म्हणायचा, तिच्याशी भांडायचा, तिच्या हातच्या रसमला नावं ठेवून दोनदा मागून घ्यायचा. शेवटच्या दिवसांत ती फक्त त्याच्या हातून पाणी घ्यायची, माझा हात थरथरायचा म्हणून. त्यानं समुद्राकडे तोंड करून नाक शिंकरलं.

उतरताना आम्ही दोघं मागे राहिलो. पुढे विजयलक्ष्मीबाई, त्यांच्या दोन्ही बाजूंना जयतीर्थ आणि भवानी. वळणाच्या पलीकडून बाईंचा आवाज येत होता, अंबत्तूरच्या घरात पाणी किती वाजता येतं ते त्या भवानीला सांगत होत्या. उतारावर शेषगिरीचे पाय आपोआप भरभर पडत होते आणि तो मध्ये मध्ये थांबून माझी वाट बघत होता. एका वळणावर तो थांबला. त्यानं उजवा हात पुढे धरला, मग डावा, मग दोन्ही हात एकत्र, कलश धरल्यासारखे.

"अण्णा, धार कुठल्या हातानं धरायची? वैनीनं कशी धरली असती?"

मी आठवून बघितलं. तिनं देवाला पाणी घातलेलं आठवलं, तुळशीला घातलेलं आठवलं. पण ते निराळं.

"ठाऊक नाही," मी म्हटलं. "आपली एकच मुलगी. तुझी वैनी पण पहिल्यांदाच धरणार होती."

तो तसाच हात धरून क्षणभर उभा राहिला. मग म्हणाला, दोन्ही हातांनी धरतो, म्हणजे सांडणार नाही. मी बरं म्हटलं आणि आम्ही खाली उतरायला लागलो.